फेडिव्हर्समध्ये पहिलं पाऊल आणि सर्व्हरची निवड : बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी माणसांचे नेहमीचे प्रश्न

वाचनालयात, साहित्य संमेलनाच्या मांडवात, मंडळाच्या बैठकीनंतर चहा पिताना लोक जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत. तांत्रिक भाग लागेल तेवढाच ठेवला आहे. सर्व्हर कसा निवडायचा यावर मात्र जास्त लिहिलं आहे, कारण बहुतेक जण तिथेच अडकतात आणि कंटाळून परत जातात.

फेडिव्हर्स म्हणजे नेमकं काय?

फेसबुक किंवा एक्स ही एकेका कंपनीची मालमत्ता आहे. फेडिव्हर्सला तसा एक मालक नाही. हे हजारो स्वतंत्र सर्व्हरचं जाळं आहे. एखादा सर्व्हर संस्था चालवते, एखादा विद्यापीठ, एखादा मित्रांचा गट, तर एखादा एकटा माणूस. हे सगळे ॲक्टिव्हिटीपब नावाच्या खुल्या नियमावलीनुसार एकमेकांशी बोलतात. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये तिला मान्यता दिली.

आपल्याकडे प्रत्येक गल्लीचं गणेशोत्सव मंडळ वेगळं, वर्गणी वेगळी, पंच वेगळे. पण विसर्जनाची मिरवणूक निघते ती सगळ्यांची मिळून. इथला कारभार तसाच आहे. तुमचं खातं एका सर्व्हरवर असतं, पण तुम्ही दुसऱ्या कुठल्याही सर्व्हरवरच्या माणसाला फॉलो करू शकता, उत्तर देऊ शकता.

यात सगळ्यांत जास्त वापरलं जातं ते मॅस्टोडॉन. ऑयगन रोख्को या जर्मनीतल्या तरुणाने ते २०१६ मध्ये सुरू केलं. फोटोंसाठी पिक्सेलफेड, व्हिडिओंसाठी पीअरट्यूब, पुस्तकांच्या नोंदींसाठी बुकवर्म, विषयवार चर्चेसाठी लेमी अशी बाकीची सॉफ्टवेअर आहेत. खालची बरीचशी उत्तरं मॅस्टोडॉन डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

फेसबुक आणि व्हॉट्सॲप चालू असताना हे कशाला?

ते सोडा असं म्हणणं नाही. घरचे आणि गल्लीतले लोक तिथेच आहेत, ते तिथेच राहतील.

पण ज्या जागेवर आपला शब्दही चालत नाही, तिथे आपण किती लिहून ठेवलंय ते एकदा बघा. ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झालं. गुगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये गेलं. भारतीय भाषांसाठी म्हणूनच निघालेलं, बेंगळुरूचं कू जुलै २०२४ मध्ये बंद पडलं. प्रत्येक वेळी लोकांनी मायबोलीत लिहिलेलं बरंच काही सोबत गेलं. माझ्या ओळखीच्या एका तरुण मंडळाचं एका मोठ्या माध्यमावरचं पान तर माध्यम चालू असतानाच एका सकाळी दिसेनासं झालं. वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथांचे कित्येक वर्षांचे फोटो त्यावर होते. कारण कळलं नाही, आणि कुणाला विचारायचं तेही कळलं नाही. सीमाभागात मराठीचा रोजचा वापर लोकांनी स्वतःच्या हिमतीवर टिकवलाय. कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी ही गावं स्वतःची साहित्य संमेलनं भरवतात. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचं आहे. अशा माणसांनी आपलं लिहिलेलं कुठे ठेवायचं, हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो.

फेडिव्हर्समध्येही सर्व्हर बंद पडतात, ते पुढे सांगितलंच आहे. पण तिथे चालवणारा कोण ते माहीत असतं, त्याला लिहिता येतं, आणि पटलं नाही तर फॉलोअर्ससह दुसरीकडे जाता येतं.

मराठी सर्व्हरच शोधायला हवा का?

नाही. आणि याचं कारण नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी निवड त्यावर ठरते.

समजा तुम्ही एका छोट्या सर्व्हरवर खातं उघडलं आणि #मराठी हा टॅग शोधला. दोन-चारच पोस्ट दिसतील, कदाचित एकही दिसणार नाही. त्यावरून मराठीत कुणी लिहितच नाही असा समज होतो आणि माणूस निघून जातो. खरी गोष्ट वेगळी असते. सर्व्हरला जगातल्या सगळ्या पोस्ट माहीत नसतात. तुमच्या सर्व्हरवरचं कुणीतरी ज्यांना फॉलो करतं, मुख्यतः त्यांच्याच पोस्ट त्याच्यापर्यंत येतात. त्या सर्व्हरवर मराठी वाचणारे तुम्ही एकटेच असाल, तर पुण्यातल्या किंवा कोल्हापुरातल्या कुणी काल लिहिलेलं तिथे पोचलेलंच नसतं.

म्हणून ज्या भाषेची माणसं इथे विखुरलेली आहेत, त्या भाषेच्या माणसाने पहिलं खातं मध्यम किंवा मोठ्या, सर्वसाधारण विषयांच्या सर्व्हरवर उघडावं, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे कुणी ना कुणी मराठी लिहिणाऱ्यांना आधीच फॉलो करत असतं, त्यामुळे टॅगमध्ये काहीतरी सापडतं. मॅस्टोडॉनचं अधिकृत ॲप मे २०२३ पासून नवख्यांना मॅस्टोडॉन डॉट सोशल हा मूळ सर्व्हर सुचवतं. घाई असेल तर तिथे उघडा, बिघडत काही नाही. पुढे बदलता येतो. मला स्वतःला मात्र थोडे लहान, देखरेखीला पुरेशी माणसं असलेले सर्व्हर जास्त पटतात. सगळे एकाच सर्व्हरवर जमले तर आपण परत एकाच मालकाच्या दारात उभे राहतो.

मराठी शेजार मिळतो तो फॉलो करण्यातून आणि टॅगमधून. सर्व्हरच्या पाटीवर मराठी लिहिलेलं असलंच पाहिजे असं नाही.

मग सर्व्हर चांगला आहे हे ओळखायचं कसं?

प्रत्येक सर्व्हरला माहितीचं एक पान असतं. नाव नोंदवण्याआधी ते उघडा आणि चहा होईपर्यंत निवांत वाचा.

सगळ्यांत आधी भाषेचा नियम बघा. काही सर्व्हरवर सार्वजनिक पोस्ट ठरावीक भाषेतच लिहायची अट असते. देखरेख करणाऱ्यांना जी भाषा कळत नाही, तिच्यातली भांडणं त्यांना सोडवता येत नाहीत, म्हणून ते तसं ठरवतात. त्यांचं म्हणणं रास्त आहे, पण आपल्या उपयोगाचं नाही. अशा ठिकाणी मराठीत लिहून नंतर वाद घालण्यापेक्षा दुसरा सर्व्हर बघावा.

मग चालवणारं कोण आहे ते बघा. एकटा माणूस असेल तर तो आजारी पडल्यावर काय? मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत यायला सर्व्हरला काही वचनं द्यावी लागतात: वंशद्वेष, स्त्रीद्वेष वगैरे गोष्टींवर कारवाई, रोजचा बॅकअप, अडचणीच्या वेळी सर्व्हर हाताळू शकेल अशी आणखी किमान एक व्यक्ती, आणि बंद करायचा झाल्यास किमान तीन महिने आधी सूचना. यादीत नसलेला सर्व्हर वाईटच असतो असं नाही, पण त्याच्या पानावर याच चार गोष्टी शोधा.

त्याच पानावर बहुतेक वेळा कोणत्या सर्व्हरशी संबंध तोडलेत किंवा मर्यादित ठेवलेत त्याची यादी आणि कारणं दिलेली असतात. यादी लांब दिसली म्हणून घाबरू नका. शिवीगाळ आणि फसवणूक करणारे सर्व्हर बाहेर ठेवलेले असतील तर ते तुमच्या भल्याचंच आहे. कारण न देता मोठमोठे सर्व्हर तोडले असतील तर मात्र विचार करा, कारण तुमचा धारवाडचा मित्र नेमका तिथे असू शकतो.

पत्त्याचा शेवट कसा आहे हेही बघा. काही सर्व्हर आकर्षक दिसतं म्हणून दुसऱ्याच देशाच्या नावाचं शेपूट घेतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये अफगाणिस्तानच्या डॉट एएफवर असलेला एक सर्व्हर तिथल्या तालिबान सरकारने डोमेन, म्हणजे वेबवरचा पत्ता, काढून घेतल्यामुळे बंद पडला.

खर्च कसा भागतो तेही लिहिलेलं असावं. देणग्यांचा उघड हिशोब देणारा सर्व्हर मला नेहमी जास्त विश्वासाचा वाटतो.

नाव नोंदवताना "इथे का यायचं आहे?" असं विचारतात. काय लिहू?

खरं आणि थोडक्यात लिहा. बनावट खाती रोखायला ती खिडकी असते, परीक्षा म्हणून नाही. असं काही पुरतं: "मी खानापूर तालुक्यात भातशेती करतो. मराठी आणि कन्नड वाचतो. पाऊस, पिकं आणि गावची नाटकं यावर मराठीत लिहायचं आहे. नियम वाचले आहेत." देखरेख करणाऱ्यांना मराठी येत नसेल तर हेच इंग्रजीत लिहा, पण मराठीत लिहिणार असल्याचं नक्की सांगा. नंतर कुणाची कुरबुर होत नाही. मंजुरीला कधी काही तास लागतात, कधी दोन-तीन दिवस.

मोबाइल नंबर लागत नाही, ई-मेल पुरतो.

देवनागरीत नाव घेता येतं का?

खात्याचा पत्ता रोमन अक्षरांतच घ्यावा लागतो. दिसणारं नाव आणि ओळख मात्र पूर्ण देवनागरीत ठेवा. मराठी लिहिणारा माणूस शोधणाऱ्याला त्यामुळेच ओळखू येतो.

खातं उघडलं, पण समोर सगळं रिकामं आहे. आता?

इथे कुणी तुमच्यासाठी निवडून समोर वाढत नाही. जाहिराती नाहीत, आणि तुम्हाला गुंतवून ठेवण्यासाठी पोस्ट वरखाली करणारं गणित नाही. तुम्ही फॉलो केलेल्यांच्या पोस्ट वेळेनुसार दिसतात, बस. म्हणून पहिला आठवडा फॉलो करण्यातच घालवा.

टॅगसुद्धा फॉलो करता येतात. ही सोय नोव्हेंबर २०२२ पासून मॅस्टोडॉनमध्ये आहे. #मराठी, #बेळगाव, #कोल्हापूर, #शेती, #पुस्तक असे टॅग लावून ठेवा. लिहिताना काळजी घ्या: #बेळगाव आणि #बेळगांव हे दोन वेगळे टॅग धरले जातात. अनुस्वाराने माणसं एकमेकांना चुकतात. टॅगमध्ये मोकळी जागा चालत नाही, म्हणून #साहित्य_संमेलन असं लिहा.

पहिल्या पोस्टमध्ये तुम्ही कुठले, काय करता, कशावर लिहिणार ते सांगा आणि तीन-चार टॅग जोडा. आवडलेली पोस्ट बूस्ट करा, म्हणजे आपल्या फॉलोअर्सकडे पुढे पाठवा. नुसतं आवडल्याचं चिन्ह दाबलं की ते लिहिणाऱ्याला कळतं, पण पोस्ट पुढे कुणाकडे जात नाही. आपली भाषा इथे पसरते ती बूस्टमधूनच, तेव्हा त्यात हात आखडता घेऊ नका.

फोटोखाली वर्णन लिहायची इथे पद्धत आहे, कारण दृष्टिहीन माणसं फोनकडून ते ऐकतात. चित्ररथाचा फोटो असेल तर असं: "ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभारलेला चित्ररथ, मागे पडद्यावर रंगवलेला किल्ला, पुढे भगवे फेटे बांधलेली तीन मुलं, दोन्ही बाजूंना गर्दी, रात्रीची वेळ." मराठीत अशी वर्णनं फार कमी मिळतात. जो लिहील तो मोठं काम करील.

मी मराठीत लिहितो, कन्नडमध्येही लिहितो. दोन खाती करू?

गरज नाही. प्रत्येक पोस्टची भाषा लिहिण्याच्या चौकटीतच निवडता येते. मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत. ती खरोखर निवडा, इंग्रजीवर तशीच राहू देऊ नका. भाषा बरोबर लावली की वाचणाऱ्याला हव्या त्या भाषाच मागवता येतात. तुमचा बैलहोंगलचा मित्र तुमच्या फक्त कन्नड पोस्ट घेईल, कोल्हापूरची मावशी फक्त मराठी. आमच्याकडे एकाच घरात तीन-तीन भाषा बोलल्या जातात, त्यामुळे ही सोय आम्हाला जितकी उपयोगी पडते तितकी फार थोड्यांना पडत असेल. दोन्ही भाषा एकाच पोस्टमध्ये मिसळायच्या असतील तर जी जास्त असेल ती लावा.

सीमाप्रश्नावर लिहिलं तर खातं जाईल का?

मत मांडलं म्हणून जाऊ नये, आणि नीट चालवलेल्या सर्व्हरवर सहसा जातही नाही. एखाद्या भाषिक समाजाला शिव्या देणं, धमकावणं, यावर मात्र बहुतेक सर्व्हर कारवाई करतात. कन्नड बोलणाऱ्या शेजाऱ्याबद्दल गलिच्छ लिहिणं आपल्याला शोभतही नाही.

सर्व्हर जर्मनीत आहे म्हणून भारताचा कायदा आपल्याला लागू नाही, असं समजू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम, म्हणजे आक्षेपार्ह ऑनलाइन मजकूर गुन्हा ठरवणारं, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलं, पण तेढ वाढवणाऱ्या मजकुराबद्दलची इतर कलमं आहेत. एक नोव्हेंबरचा काळा दिवस, सतरा जानेवारीचा हुतात्मा दिन अशा वेळी जुने फोटो नवे म्हणून फिरतात. फोटो कुठला, कधीचा, हे कळल्याशिवाय बूस्ट करू नका. निषेध फेरीतल्या माणसांचे चेहरे त्यांना विचारल्याशिवाय टाकू नका. त्यांच्यातल्या कुणाची नोकरी असते, कुणाचं दुकान असतं. ही काळजी कुठल्याही सर्व्हरवर घ्यावीच लागते.

टोपणनाव चालतं. मात्र तुमचा ई-मेल आणि कुठून लॉगिन केलं त्याची नोंद सर्व्हर चालवणाऱ्याकडे असते, हे लक्षात असू द्या.

खासगी संदेश खरंच खासगी असतात का?

नाही. मॅस्टोडॉनवर "फक्त उल्लेख केलेल्यांना" असा पर्याय आहे, पण तो मजकूर कुलूपबंद नसतो. दोन्हीकडचे सर्व्हर चालवणारे मनात आणलं तर तो बघू शकतात. शिवाय अशा संदेशात तिसऱ्या कुणाचा पत्ता लिहिलात तर संदेश त्यालाही जातो, आणि भाऊबंदकीच्या बोलण्यात तर असं हमखास घडतं. जमिनीचे कागद, पैशाचे व्यवहार, आजारपण यासाठी सिग्नलसारखं ॲप वापरा.

सर्व्हर बंद पडला तर सगळं जाईल?

सूचना मिळाली तर बरंच वाचतं. मोझिलासारख्या नावाजलेल्या संस्थेनेही आपला सर्व्हर १७ डिसेंबर २०२४ रोजी बंद केला, तेव्हा नावावर विसंबू नये. नवीन सर्व्हरवर खातं उघडून जुन्यावरून "स्थलांतर" केलं की फॉलोअर्स आपोआप तिकडे येतात. तुम्ही कुणाला फॉलो करता त्याची यादी फाइल म्हणून उतरवून नव्या ठिकाणी चढवता येते. लिहिलेल्या पोस्ट मात्र येत नाहीत. त्या जुन्या जागीच राहतात.

म्हणून दर महिन्याला आपल्या पोस्टची प्रत मागवून ठेवा. दर सात दिवसांनी एकदा ती मागवता येते आणि फोटोंसकट मिळते. एकदा हललात की पुढचे तीस दिवस पुन्हा हलता येत नाही, तेव्हा नवी जागा नीट बघून निवडा.

ब्लूस्काय आणि थ्रेड्स यात येतात का?

ब्लूस्काय वेगळ्या, एटी प्रोटोकॉल नावाच्या नियमावलीवर चालतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते सर्वांना खुलं झालं. वापरायला सोपं आहे, पण बहुतेक खाती अजून त्या एकाच कंपनीच्या सर्व्हरवर आहेत. मेटाचं थ्रेड्स जुलै २०२३ मध्ये आलं आणि ॲक्टिव्हिटीपबशी अर्धवट जोडलेलं आहे. काही सर्व्हर त्याच्याशी बोलतात, काहींनी दार लावून घेतलंय. तुमची माणसं थ्रेड्सवर असतील तर सर्व्हर निवडताना हेही तपासा.

आमच्या वाचनालयाचं किंवा संमेलनाचं खातं काढायचं असेल तर?

संस्थेच्या ई-मेलवर काढा, कुणा एका कार्यकर्त्याच्या नको. पासवर्ड दोन जबाबदार माणसांकडे असू द्या आणि दुहेरी पडताळणी चालू करा. संस्थेची वेबसाइट असेल तर तिच्यावर खात्याचा एक विशिष्ट दुवा ठेवला की खात्यावर हिरवी खूण येते. तिला पैसे पडत नाहीत.

आपणच बेळगावचा सर्व्हर का सुरू करू नये?

हा प्रश्न उत्साहाने विचारला जातो आणि मला तो फार आवडतो. सुरू व्हावा असं मनापासून वाटतं, पण इतक्यात नको.

यंत्र भाड्याने मिळतं. मॅस्टो डॉट होस्टसारख्या सेवा महिन्याच्या भाड्यात सर्व्हर चालवूनही देतात. लहान गटासाठी गोटूसोशल नावाचं हलकं सॉफ्टवेअर आहे. त्याला पोस्ट वाचण्या-लिहिण्यासाठी स्वतःचं पान नाही. लोक टस्कीसारखं ॲप जोडून वापरतात. मॅस्टोडॉन जास्त भरलेलं आहे आणि जास्त जागा खातं, कारण बाहेरून येणाऱ्या फोटोंच्या प्रतीही साठत जातात.

खरी अडचण माणसांची आहे. रात्री अकरा वाजता एक नोव्हेंबरच्या फेरीवरून दोघे भिडले, तक्रारी आल्या, तर तेव्हा कोण बघणार? दोन्ही भाषा वाचणारं, कुठल्याही बाजूचा दबाव न घेणारं असं किमान तिघांचं मंडळ लागतं, आणि त्यात एक तरी बाई असावी. त्रासाच्या तक्रारी सांगायला बायकांना तेव्हाच मोकळं वाटतं. शिवाय भारतात लोकांना सर्व्हर उघडून दिला की २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे तक्रार निवारणासाठी माणूस नेमून त्याचं नाव, संपर्क जाहीर करावा लागतो. पोलिसांचं पत्र आलं तर त्याला उत्तर देणारा माणूसही हवा. आधी एखाद्या वकील मित्राशी बोला.

आधी दहा-पंधरा ओळखीच्यांनी वेगवेगळ्या सर्व्हरवर वर्षभर लिहावं, एकमेकांना फॉलो करावं. कोण टिकतं आणि कोणात भांडण सोडवण्याची हातोटी आहे, ते त्यातच दिसेल. मग त्यांच्यापुरता बंद नोंदणीचा सर्व्हर काढावा. डोमेन निवडताना सावकाश विचार करा, कारण सर्व्हर चालू झाल्यावर ते बदलता येत नाही. ते संस्थेच्या नावावर घ्या, एकदम काही वर्षांचे पैसे भरा, आणि नूतनीकरणाची तारीख बैठकीच्या वहीत लिहून ठेवा.